ग्रामीण आफ्रिकन-अमेरिकन एमएस रुग्णांचा घरच्या घरी व्यायाम

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांनी दवाखान्याच्या खेपा न घालता घरीच, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर कोचची मदत घेऊन करायचा व्यायाम.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते, वायरवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं, आणि मग मेंदूचे निरोप पायापर्यंत धड पोचत नाहीत. पाय जड होतात, तोल जातो, अंधुक दिसतं, आणि थकवा असा की रात्रभर झोपूनही जात नाही. अमेरिकेत असे 10 लाखांच्या आसपास लोक आहेत. कितीतरी वर्षं हा गोऱ्यांचा आजार असा पक्का समज होता, त्यामुळे काळ्या पेशंटला हे असेल असं डॉक्टरांच्या मनातच यायचं नाही. 2013 साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात उलटंच निघालं, नव्याने एमएस होण्याचं प्रमाण काळ्या लोकांत गोऱ्यांपेक्षा 47 टक्के जास्त, आणि हा फरक मुख्यतः बायकांमध्ये. शिवाय या लोकांचं चालणं तुलनेने लवकर बिघडतं, आणि व्यायामाचा मुद्दा येतो तो इथेच.

आधी डॉक्टर व्यायाम करू नका असंच सांगायचे. 1890 मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने पाहिलं की श्रम केल्यावर पेशंटला थोडा वेळ आणखी कमी दिसतं. खरं कारण श्रम नसून अंग तापणं हे होतं, आणि अंग थंड झालं की त्रास ओसरतो, पण भीती बसली ती बसलीच. 1996 मध्ये युटा विद्यापीठाच्या गटाने 15 आठवडे एरोबिक व्यायाम करून घेतला आणि ताकद, दम दोन्ही सुधारलेलं दाखवलं. 2013 च्या कॅनडाच्या मार्गदर्शक सूचना तर अगदी साध्या आहेत, आठवड्यातून 2 वेळा 30 मिनिटं मध्यम एरोबिक आणि 2 वेळा ताकदीचे व्यायाम.

पण करायचा कुठे? अलाबामा-मिसिसिपीतला ब्लॅक बेल्ट हा पट्टा आधी काळ्या मातीमुळे त्या नावाने ओळखला जाऊ लागला, आपल्याकडे काळी म्हटली की कापूस आठवतो तसंच तिथेही, फक्त तो कापूस गुलामांकडून पिकवून घेतलेला, आणि त्यांचे वंशज आजही तिथेच आहेत. न्यूरॉलॉजिस्ट बर्मिंगहॅम किंवा जॅक्सनसारख्या शहरात, बसची सोय जवळपास नाहीच, म्हणजे घरातल्या कुणीतरी कामावर खाडा करून गाडी चालवायची. ज्या बाईकडे दिवसभराची ताकद मोजूनमापून असते तिची ती उन्हातल्या गाडीतच संपते, मग जिममध्ये करणार काय! शिवाय याच अलाबामात, टस्कीगीला, 1932 ते 1972 अशी 40 वर्षं सरकारी डॉक्टरांनी काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता बघत ठेवला होता. त्यामुळे संशोधनवाले दारात आले की लोक आधी संशयाने बघतात, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

घरच्या व्यायामाला लागतं फारच थोडं. न हलणारी, हातांची खुर्ची, रबरी बँड, पावलं मोजायचं छोटं यंत्र, पंखा आणि गार पाणी. सकाळी ऊन चढायच्या आत ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा वर उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या. मग खुर्चीतून हात न लावता उठायचं आणि धपकन न पडता बसायचं, हे दिसायला काहीच नाही पण मांड्यांना विचारा. अंग तापलं तर थांबायचं, मानेला ओला टॉवेल लावायचा, पुन्हा सुरू. चालणं आजच्या पावलांत थोडी भर घालत वाढवायचं, एकदम दुप्पट नाही. तोल फारच जात असेल तर शेजारी कुणीतरी हवंच, यात धाडस करू नये.

जेम्स (GEMS, एमएससाठीच्या व्यायाम-सूचनांच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम साधारण असाच चालतो, 4 महिने, चालणं आणि बँड, सोबत कोचचे कॉल. अशाच पद्धतीची घरची आणि केंद्रातली आवृत्ती स्टेप फॉर एमएस या चाचणीत 379 जणांवर तपासली, तेव्हा 25 फूट चालण्याच्या वेगात घरी करणारे केंद्रात जाणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. घरचा व्यायाम म्हणजे नाइलाजाची सोय असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर बघावा.

तरी आहे तोच कार्यक्रम उचलून तिथे नेला की झालं, असं नसतं. पुस्तिकेतले सगळे फोटो गोऱ्या, सडपातळ लोकांचे असतील तर हे आपल्यासाठी नाही असं वाटणारच. कोच आपल्यातला असला, चर्चच्या बायकांना सोबत घेतलं, तर चिकाटी टिकायला मदत होते, कारण त्या भागात आजारपणात भाजी-भाकरीपासून गाडीपर्यंत सगळं चर्चच बघतं. आणि जिथे व्हिडिओ अडकत अडकत चालतो तिथे साधा फोन, छापील पुस्तिका आणि वहीत रोजची पावलं लिहिणं, एवढ्यावरही काम भागतं.