हरणाऱ्या संघाला आशा कुठून मिळते: एनएफएलचा हिशेब वेगळा, सीएफएलचा वेगळा

एडमंटन एल्क्स हा माझा कॅनेडियन फुटबॉलचा संघ हरला की दुसऱ्या दिवशी कुणातरी मराठी मित्राचा फोन येतो, बहुधा सीमेपलीकडून, अमेरिकेतून. "हरू देत की अजून चार सामने. तळाला गेले की ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळेल, चांगला क्वार्टरबॅक उचलतील, दोन वर्षांत गाडी रुळावर." (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड; क्वार्टरबॅक म्हणजे हल्ल्याची सूत्रं सांभाळणारा, पास फेकणारा खेळाडू.) सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि एनएफएलपुरतं, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगपुरतं, त्याचं म्हणणं बरोबरही आहे. पण एल्क्स खेळतात सीएफएलमध्ये, म्हणजे कॅनडाच्या लीगमध्ये, आणि तिथे हा उपाय लागूच पडत नाही. हे इतक्या जणांना तोंडी सांगून झालंय की आता एकदा नीट लिहूनच ठेवतो.

एनएफएल तुम्ही बघता, त्यामुळे ते समजावत बसत नाही. वरवरचे फरकही झटपट उरकतो. कॅनडाचं मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. अमेरिकेचं १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून जरासं जास्त रुंद. इकडे मैदानावर एका संघाचे बारा जण, तिकडे अकरा. इकडचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये ग्रे कपने, म्हणजे अंतिम सामन्याने, संपतो. एका सामन्यात डोळ्यांना या सगळ्याची सवय होते.

एका गोष्टीवर मात्र मी वाद घालणारच. सीएफएलला "एनएफएलची छोटी आवृत्ती" म्हणू नका. लीग म्हणून सीएफएल १९५८ ची असली तरी ग्रे कप १९०९ पासून खेळला जातोय. एनएफएलची स्थापना १९२० ची, तिचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, १९६७ पासूनचा. आणि १८७४ मध्ये मॅकगिल विद्यापीठाचा संघ मॉन्ट्रियलहून हार्वर्डला जाऊन रग्बीच्या वळणाचा खेळ खेळला. अमेरिकी फुटबॉलच्या घडणीत त्या भेटीचा मोठा वाटा आहे. कोण कुणाची आवृत्ती, ते बोलण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवावं.

दहा यार्ड पुढे जायला इकडे तीन डाऊन (म्हणजे प्रयत्न) आणि तिकडे चार, हा फरक सगळ्यांना ठाऊक असतो, पण "एक संधी कमी" एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. तिसऱ्या डाऊनला बहुतेकदा पंट करावा, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडावा लागतो, म्हणजे दहा यार्ड काढायला खरे दोनच डाऊन. पहिल्या डाऊनला धावून तीन यार्ड मिळाले तर एनएफएलमध्ये चालून जातं. इकडे पुढच्या एकाच डाऊनमध्ये सात काढायचे असतात. म्हणून इथे पास जास्त. चेंडू हातातून लवकर जातो आणि लवकर परतही येतो. शिवाय दोन्ही हाफच्या शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येक डाऊननंतर घड्याळ थांबतं, त्यामुळे आघाडीवरच्या संघाला गुडघे टेकत, म्हणजे डाऊन मुद्दाम वाया घालवत, वेळ काढणं सोपं जात नाही. दोन टचडाऊननी मागे असलेल्या संघाचा चाहता उठून घरी जात नाही, त्याला हे कारण आहे. १९८१ च्या ग्रे कपमध्ये हाफटाइमला ओटावा रफ रायडर्स २०, एडमंटन १. तो एक गुणही इथलाच, रूजचा: लाथेने मारलेला चेंडू मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमधून प्रतिस्पर्ध्याने बाहेर आणला नाही की मिळणारा. अमेरिकेत तो मिळालाच नसता. सामना एडमंटनने २६-२३ असा जिंकला.

आता ड्राफ्ट. खरा घोळ इथे आहे.

एनएफएलमध्ये कॉलेजमधून बाहेर पडणारे सगळे उत्तम खेळाडू एकाच रांगेत उभे असतात आणि त्यातून निवडायचा पहिला मान सगळ्यात वाईट संघाला मिळतो. सिनसिनाटी बेंगल्स २०१९ मध्ये सोळांपैकी दोनच सामने जिंकले, २०२० च्या ड्राफ्टमध्ये त्यांना ज्यो बरो मिळाला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ते सुपर बोलमध्ये होते. तिथे हरण्याला पुढच्या काळातलं मोल असतं, म्हणून तिथल्या चाहत्याने हंगाम वाया गेल्यावर ड्राफ्टकडे डोळे लावणं शहाणपणाचंच आहे.

सीएफएलचा ड्राफ्ट असतो तो कॅनेडियन खेळाडूंचा. अमेरिकी खेळाडू, ज्यांच्यात लीगमधले जवळपास सगळे क्वार्टरबॅक येतात, त्या ड्राफ्टमधून जातच नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक संघाची एक निगोशिएशन लिस्ट असते, ४५ नावांची. ज्या संघाने नाव आधी टाकलं, त्या खेळाडूशी सीएफएलचा करार करण्याचा हक्क त्याचा. ही यादी गुणतक्त्यावर ठरत नाही: ग्रे कप जिंकणाऱ्याला ४५ आणि तळाच्या संघालाही ४५. दहा सामने हरलात म्हणून सेहेचाळीसावं नाव कुणी देत नाही.

मग पहिल्या नंबरने मिळतं काय? २०२४ मध्ये तो नंबर एडमंटनकडेच होता आणि निवड झाली जोएल डब्लँको या लाइनबॅकरची, म्हणजे बचावातल्या खेळाडूची. निवड चुकली असं मी म्हणत नाही. मैदानावर उतरणाऱ्यांत ठरावीक संख्येने कॅनेडियन हवेतच असा लीगचा नियम आहे, त्यामुळे चांगल्या कॅनेडियन खेळाडूंशिवाय संघ उभा राहत नाही. पण तो पाया हळूहळू भरायचा असतो, आणि उत्तम कॅनेडियन मुलांवर एनएफएलचाही डोळा असतो. कॅनेडियन क्वार्टरबॅक हवाच असेल तर तोही पहिल्या नंबरवर बसलेला नसतो: व्हँकूव्हरच्या बीसी लायन्सना नेथन रूर्क २०२० मध्ये दुसऱ्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर मिळाला. आमचा ट्रे फोर्ड २०२२ मध्ये आठवा होता.

एडमंटनचे मोठे क्वार्टरबॅक कुठून आले ते बघा, म्हणजे पटेल. वॉरन मून १९७८ मध्ये आला, कारण रोझ बोल हा मानाचा कॉलेज सामना जिंकूनही एनएफएलच्या संघांना तो क्वार्टरबॅक म्हणून नको होता. १९७८ ते १९८२ असे सलग पाच ग्रे कप इथे आले. रिकी रे इथे येण्याआधी चिप्सच्या कंपनीचा ट्रक चालवत होता. त्याच्यासोबत २००३ आणि २००५ चे कप आले. माइक रायली बीसीच्या बाकावर होता, २०१३ च्या सुरुवातीला देवाणघेवाणीत आला. त्या वर्षी संघ ४-१४ (चार विजय, चौदा पराभव) होता, पुढच्या वर्षी १२-६, आणि २०१५ मध्ये १४-४ होऊन ग्रे कप घेऊन आला. या तिघांपैकी एकही हरण्याचं बक्षीस म्हणून मिळालेला नाही. इतरांनी ज्याच्याकडे बघितलं नाही त्याच्याकडे इथल्या कुणीतरी बघितलं, एवढंच.

उलट गमावलेही तसेच. रेला २०११ च्या डिसेंबरमध्ये टोरोंटोला देऊन टाकलं आणि पुढच्याच वर्षी टोरोंटोने ग्रे कप जिंकला. तो व्यवहार मला आजही पटत नाही. रायली २०१९ मध्ये करार संपून मोकळा झाल्यावर बीसीला परत गेला. त्या जागी भरवशाचा माणूस मिळालेला नाही, एल्क्सचं दुखणं मुख्यतः हे आहे.

आणि हरू दिल्याने काय हाती लागलं, तेही सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली घरच्या मैदानावरच्या पराभवांची मालिका थेट २२ सामन्यांपर्यंत गेली. कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये छप्पन्न हजारांच्या आसपास माणसं बसतात. त्या काळातल्या रिकाम्या रांगा बघवत नव्हत्या. २७ ऑगस्ट २०२३ ला ओटावाविरुद्ध ३०-२० असा विजय मिळाला तेव्हा ती मालिका तुटली. नऊ संघांच्या लीगमध्ये सहा संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात, तरी २०२१ ते २०२५ असे सलग पाच हंगाम आम्ही बाहेर. हाच संघ १९७२ ते २००५ सलग ३४ वर्षं प्लेऑफमध्ये होता. इतकी वर्षं हरण्याचा फायदा झाला असता, तर तो एव्हाना दिसला असता.

म्हणून सीएफएलमधल्या चाहत्याने या हंगामातच आशा ठेवायची असते. इथले करार छोटे असतात, दर फेब्रुवारीत कितीतरी खेळाडू मोकळे होतात, एका हिवाळ्यात अर्धा संघ बदलतो. ओटावा रेडब्लॅक्सनी २०१४ मध्ये १८ पैकी दोन सामने जिंकले, २०१५ मध्ये ते ग्रे कपच्या अंतिम सामन्यात होते, आणि २०१६ मध्ये ८-९-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) अशा कामगिरीवर त्यांनी कप जिंकला. जिंकल्यापेक्षा हरलेले सामने जास्त, तरी कप त्यांचा. जुलैतला एखादा कंटाळवाणा विजयसुद्धा नोव्हेंबरमध्ये उपयोगी पडतो, आणि "हरू देत" म्हणणारा नेमका तोच फेकून देत असतो.

लीगने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बदल जाहीर केले: २०२७ पासून मैदान १०० यार्डांचं, गोलपोस्ट एंड झोनच्या मागे, आणि रूज तर २०२६ पासूनच आधीसारखा नाही. मला यातलं काहीही नको होतं; मैदान आखडून नवे प्रेक्षक येतील हे मला पटत नाही. पण तीन डाऊन राहणार आहेत, बारा खेळाडू राहणार आहेत, आणि हे दोन फुटबॉल तेवढ्यावर वेगळे राहतील.

एल्क्सकडून माझ्या अपेक्षा साध्या आहेत. लेबर डेला कॅल्गरीत जाऊन कॅल्गरीला हरवावं आणि पाठोपाठ घरी पुन्हा हरवावं. एक क्वार्टरबॅक ठरवून हंगामभर त्याच्या पाठीशी उभं राहावं. २०२४ मध्ये क्लब विकत घेणारे लॅरी थॉम्पसन याच शहरातले आहेत, त्यांनी धीर धरावा. लीगच्या पश्चिम विभागात तिसरा नंबर आला तर उत्तमच. चौथा आला तरी पूर्व विभागातल्या तिसऱ्या संघापेक्षा कामगिरी सरस असेल तर क्रॉसओव्हरने पूर्वेच्या प्लेऑफमध्ये शिरता येतं. २०१६ मध्ये हॅमिल्टनला आणि २०१९ मध्ये मॉन्ट्रियलला एडमंटनने असंच शिरून त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. क्रॉसओव्हरने आलेला संघ ग्रे कपच्या अंतिम सामन्यापर्यंत मात्र अजून पोचलेला नाही. पहिला आमचा असावा, अशी माझी फार इच्छा आहे.