बग बाउंटी, कूटचलन प्रकल्पांतील

एखाद्या कूटचलन (क्रिप्टोकरन्सी) प्रकल्पाच्या आज्ञावलीतील सुरक्षादोष शोधून तो त्याचा गैरफायदा न घेता कळवणाऱ्या कोणासही, आधी जाहीर केलेल्या अटींनुसार बक्षीस देण्याची पद्धत. निमंत्रित परीक्षकांकडून होणाऱ्या ऑडिटच्या आधी, नंतर किंवा त्याला पूरक म्हणून ती वापरतात. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष हाती लागला तरी त्यातून पैसा काढायला आणखी खटपट करावी लागते. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (जाळ्यावर आपोआप चालणाऱ्या व पैसे सांभाळणाऱ्या आज्ञावलीत) दोष आणि तिजोरी एकाच ठिकाणी असतात. शिवाय संहिता बहुधा उघडी असते आणि झालेला व्यवहार सहसा मागे घेता येत नाही. त्यामुळे इतर क्षेत्रांत काही हजार डॉलरांवर भागणारी बक्षिसे येथे लाखो डॉलरांवर गेली.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. ‘हंटर अँड रेडी’ या कंपनीने १९८३च्या सुमारास आपल्या व्हीआरटीएक्स कार्यप्रणालीत दोष दाखवणाऱ्यास फोक्सवॅगन बीटल मोटार देऊ केली, तिला काही जण पहिला मान देतात. मात्र तिच्यात परीक्षेपेक्षा जाहिरातीचा भाग अधिक दिसतो. नेटस्केपने ऑक्टोबर १९९५मध्ये नॅव्हिगेटर २.०च्या बीटा आवृत्तीसाठी काढलेली योजना ही आजच्या अर्थाने पहिली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कूटचलनांपुरता विचार केल्यास तिसरा, गूढलेखनातील जाहीर आव्हानांचा धागा अधिक जवळचा वाटतो. १९७७मध्ये आरएसए पद्धतीच्या जनकांनी १२९ अंकी संख्येचे अवयव पाडण्यासाठी १०० डॉलरांचे बक्षीस लावले होते. ते कोडे १९९४मध्ये सुटले. ही परंपरा आणखी मागेही नेता येते. लंडनमधील ब्रामा कंपनीच्या दुकानात, बहुधा १७९०पासून, एक कुलूप २०० गिनींच्या पैजेसह मांडलेले होते. ते १८५१मध्ये अमेरिकन कुलूपतज्ज्ञ ए. सी. हॉब्झ यांनी सुमारे १६ दिवसांत, एकूण ५१ तास खपून उघडले. त्यानंतर पैजेच्या अटी पाळल्या गेल्या की नाही, यावर वाद झाला. अटींचा हा वाद पुढे या विषयाची पाठ सोडत नाही.

कूटचलनांतील आरंभीच्या उदाहरणांपैकी सर्वांत चोख उदाहरण बिटकॉइन विकासक पीटर टॉड यांचे आहे. त्यांनी सप्टेंबर २०१३मध्ये एसएचए-१ व इतर काही हॅश फलनांवर (कोणत्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, काढणाऱ्या सूत्रांवर) बिटकॉइनच्या स्वरूपात बक्षिसे लावली. ती देणारा परीक्षक कोणी माणूस नव्हता. बिटकॉइनच्या स्क्रिप्टमध्येच (रक्कम कोणाला मिळावी हे ठरवणाऱ्या संहितेत) अट लिहिली होती : दोन भिन्न निविष्टी द्या, त्यांचा हॅश सारखा यावा, की रक्कम तुमची. फेब्रुवारी २०१७मध्ये गूगल व ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एसएचए-१ची पहिली टक्कर (एकच हॅश देणाऱ्या दोन भिन्न निविष्टी) प्रसिद्ध केली आणि लगोलग कोणीतरी ती वापरून सुमारे २.४८ बिटकॉइन उचलले. या रचनेत एक फट होती. रक्कम घेण्यासाठी स्वाक्षरी लागत नव्हती. त्यामुळे उत्तर जाळ्यावर येताच व्यवहार नोंदवणारा एखादा खाणकर्ता (मायनर) तेच उत्तर वापरून रक्कम स्वतःकडे वळवू शकला असता. बक्षीस कोणाच्या मर्जीवर न ठेवण्याची ती किंमत होती. आज बहुतेक योजनांत माणसेच निवाडा करतात.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट चालवणाऱ्या इथेरियमची बाउंटी योजना मुख्य जाळे जुलै २०१५मध्ये सुरू होण्याआधीचीच. बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरला मात्र अशी औपचारिक योजना नाही. सप्टेंबर २०१८मध्ये त्यात जादा नाणी निर्माण होऊ शकतील असा दोष आढळला, तोही एका विकासकाने खाजगीरीत्या कळवला होता.

स्वरूप व रकमा : योजनेत कोणते कॉन्ट्रॅक्ट परीक्षेच्या कक्षेत आहेत, दोषाची तीव्रता कशी ठरते आणि पुरावा कसा द्यायचा, हे सांगितलेले असते. चालू जाळ्यावर प्रयोग करण्यास सहसा मनाई असते. हल्ला जाळ्याच्या स्थानिक प्रतीवर करून दाखवायचा. २०२०च्या अखेरीस स्थापन झालेल्या इम्युनेफाय या मंचाने, धोक्यात असलेल्या रकमेच्या १० टक्के (बहुधा कमाल मर्यादेसह) हे माप रूढ करण्यास मोठा हातभार लावला. ऑरोरा या जाळ्याने २०२२मध्ये ६० लाख डॉलर दिले, तर युनिस्वॅप या विनिमय मंचाने २०२४मध्ये आपल्या चौथ्या आवृत्तीसाठी १ कोटी ५५ लाख डॉलरांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले.

वर्महोल या ब्रिजने (एका जाळ्यावरून दुसऱ्यावर नाणी नेणाऱ्या सेवेने) २०२२मध्ये दिलेले १ कोटी डॉलर हे सर्वांत मोठ्या बक्षिसांपैकी एक. तो दोष अद्ययावत करता येणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या रचनेतला होता. अशा रचनेत पैसे एका पुढच्या (प्रॉक्सी) कॉन्ट्रॅक्टमध्ये राहतात व तर्क मागच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये. पुढच्याची मालकी नीट नोंदलेली होती, परंतु मागच्याचे आरंभीकरण (मालक ठरवणारी पहिली मांडणी) एका दुरुस्तीच्या वेळी रद्द झाले होते. त्यामुळे कोणालाही ते स्वतः करून पहारेकऱ्यांच्या (ब्रिजच्या आदेशांना मंजुरी देणाऱ्यांच्या) यादीत आपले नाव घालता आले असते आणि ‘अद्ययावतीकरणा’च्या नावाखाली त्या कॉन्ट्रॅक्टला स्वतःचा नाश करायला लावता आले असते. चोराच्या हाती दमडीही लागली नसती; पुढच्या कॉन्ट्रॅक्टमधील रक्कम मात्र कायमची अडकली असती. दोष २४ फेब्रुवारी २०२२ रोजी कळवला गेला व त्याच दिवशी दुरुस्त झाला. त्याच ब्रिजवरून त्याच महिन्याच्या आरंभी १,२०,००० ईथर (इथेरियमचे नाणे) इतकी चोरी झाली होती, हे बक्षिसाचा आकार पाहताना विसरता येत नाही.

परीक्षा म्हणून मूल्य : बक्षीस कोणी नेले नाही, म्हणून प्रकल्प सुरक्षित, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. गूढलेखनतज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी अशा स्पर्धांवर १९९८मध्येच टीका केली होती : स्पर्धेत कोणी कसून प्रयत्न केला की नाही हे कळत नाही आणि अटी आयोजकाला सोयीच्या असतात. दुसऱ्या आक्षेपाचे ठळक उदाहरण २०१८मधील बिटफाय वॉलेटचे. ‘हॅक न होणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या यंत्रावर आधी १ लाख, नंतर २.५ लाख डॉलरांचे बक्षीस होते. परंतु ते फक्त आधीच नाणी भरून दिलेल्या यंत्रातून ती काढणाऱ्यासाठी. संशोधकांनी यंत्राचा संपूर्ण ताबा मिळवून त्यावर ‘डूम’ हा खेळ चालवून दाखवला, तरी कंपनीच्या मते अट पूर्ण झाली नव्हती. ऑगस्टअखेर कंपनीने ‘हॅक न होणारे’ हा दावा मागे घेतला. पहिल्या आक्षेपासाठी ऑयलर फायनान्स या कर्जव्यवहाराच्या प्रकल्पाकडे पाहावे. तेथे अनेक ऑडिट झाली होती आणि १० लाख डॉलरांची बाउंटीही होती. तरी दोष सुमारे ८ महिने सर्वांसमोर पडून राहिला आणि १३ मार्च २०२३ रोजी सुमारे १९.७ कोटी डॉलर गेले. ते नंतर बहुतांशी परत आले. खुली बाउंटी ही ऑडिटनंतर उरलेले दोष पकडण्याची चाळणी आहे, प्रमाणपत्र नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खाजगी किल्ल्यांची (नाणी खर्च करण्याच्या गुप्त संकेतांकांची) चोरी किंवा माणसांना फसवणे बहुधा कक्षेबाहेर ठेवले जाते. मार्च २०२२मधील रोनिन ब्रिजवरील व फेब्रुवारी २०२५मधील बायबिट या विनिमय केंद्रातील मोठ्या चोऱ्या त्याच वाटेने झाल्या.

कायदेशीर बाजू : चोरीनंतर वाटाघाटीत दिलेल्या रकमेलाही ‘बाउंटी’ म्हटले जाते. ऑगस्ट २०२१मध्ये पॉली नेटवर्क या ब्रिजने ६० कोटींहून अधिक डॉलर नेणाऱ्यास ५ लाख डॉलर देऊ केले. रक्कम परत आली. ऑक्टोबर २०२२मध्ये मँगो मार्केट्स या कूटचलन-व्यापार मंचाच्या सदस्यांनी मतदानाने हल्लेखोरास सुमारे ४.७ कोटी डॉलर ठेवू दिले, पण त्याने फौजदारी कारवाई टळली नाही. अमेरिकेत एप्रिल २०२४मध्ये ज्यूरीने त्यास दोषी ठरवले आणि मे २०२५मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला सारला. चालू हल्ल्यात मध्ये पडून रक्कम वाचवणाऱ्यांना प्रकल्पांनी आधीच संमती द्यावी, यासाठी सिक्युरिटी अलायन्स या गटाने २०२४मध्ये एक नमुना करार पुढे आणला आहे.