नाशिकच्या जेलमध्ये लिहिलेलं पुस्तक: साने गुरुजींची पार्श्वभूमी

श्यामची आई माहीत नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड, पण ते पुस्तक आपल्या नाशिकच्या जेलमध्ये लिहिलं गेलंय हे नाशिकच्याच कितीतरी पोरांना माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेला पहाटे हातावेगळं केलं. तेव्हा गुरुजी ३३ वर्षांचे होते.

आता एवढं भराभर कसं लिहून झालं? माझ्या मते याचं उत्तर अमळनेरला आहे. गुरुजी मूळ कोकणातल्या पालगडचे, जन्म २४ डिसेंबर १८९९, घरची खोती (गावचा शेतसारा वसूल करायचा वंशपरंपरागत हक्क) होती पण पुढे सगळं गेलं आणि १९१७ साली आईपण गेली. नंतर १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते आणि तिथलं होस्टेलही बघायचे, तेव्हा पोरांसाठी स्वतःच्या हाताने रोजच्या रोज एक दैनिक लिहून काढायचे, रोज म्हणजे रोज! बारा-पंधरा वर्षांच्या पोरांशी कसं बोलायचं हे तिथेच हातात बसलेलं. म्हणून तर पुस्तकात श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो, होस्टेलवर बसून ऐकावी तशी.

तळव्यांचा प्रसंग आठवा. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, आई आपलं ओलं लुगडं धोंड्यावर पसरते, तो त्यावर पाय ठेवून जातो, आणि मग ती म्हणते की पायाला जपतोस तसं मनालाही घाण लागू देऊ नकोस. इथे उपदेश आहेच, पण तो टोचत नाही कारण लुगडं आधी पसरलंय.

अजून एक गोष्ट नाशिककरांनी लक्षात घ्यावी. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, त्याच वर्षी २ मार्चला बाबासाहेबांनी इथे अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. पुस्तकातही एका म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, ती म्हातारी महार समाजाची. आणि पुढे मे १९४७ मध्ये गुरुजी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, ते मंदिर उघडूनच थांबले.

कवी म्हणून मात्र आपण त्यांना फक्त शाळेच्या प्रार्थनेपुरतं ठेवलंय. १९३५ मध्ये पुस्तक छापून आलं त्याच वर्षी 'पत्री' हा कवितासंग्रहही आला, त्यात 'बलसागर भारत होवो' होती, आणि इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. आईच्या आठवणी लिहिणारा हा माणूस सरकारला एवढा खुपत होता.