मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन (एमएमएसई)

विस्मरण किंवा गोंधळलेपण दिसणाऱ्या व्यक्तीची स्मृती, अवधान आणि भाषा पाच-दहा मिनिटांत ढोबळमानाने तपासणारी ३० गुणांची चाचणी. मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावरून स्मृतिभ्रंशाचे (डिमेन्शिया) निदान करता येत नाही. पुढे सखोल तपासणी हवी की नको, एवढेच ठरते.

काळाचे भान (वर्ष, ऋतू, महिना, तारीख, वार) आणि स्थळाचे भान यांना प्रत्येकी ५ गुण असतात. मग तीन शब्द सेकंदाला एक या गतीने सांगून लगेच म्हणायला लावतात (३ गुण). गुण पहिल्याच प्रयत्नाचे धरतात, पण शब्द पाठ होईपर्यंत पुन्हा सांगतात. नाहीतर पुढची आठवण तपासण्यात अर्थ उरत नाही. त्यानंतर १०० मधून ७ पाच वेळा वजा करायचे (५ गुण). येथे प्रत्येक वजाबाकी आधीच्या उत्तरावरून तपासली जाते: ९३, ८५, ७८, ७१, ६४ या उत्तराला ४ गुण मिळतात, कारण चूक एकदाच झाली. मग ते तीन शब्द विचारतात (३ गुण). सूचक खूण देऊन आठवलेल्या शब्दाला गुण नाही. उरलेले ९ गुण वस्तूंची नावे, वाक्याचा पुनरुच्चार, तीन टप्प्यांची आज्ञा, वाचन, लेखन आणि एकमेकांना छेदणारे दोन पंचकोन यांचे. चित्रात दहा कोन आणि चौकोनी छेद हवा. हात थरथरल्याने रेघ वाकडी आली तरी चालते.

२४ पेक्षा कमी गुण म्हणजे दोष, हा प्रचलित दंडक आंधळेपणाने लावू नये. १९९३ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचा मध्यक २९, तर चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२ होता. म्हणजे शाळा न पाहिलेली, पण घरचा व्यवहार चोख सांभाळणारी आजी या चाचणीत 'आजारी' ठरू शकते. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी आवृत्ती तयार झाली ती याच कारणाने. तीत लेखी आज्ञा वाचण्याऐवजी तपासणाऱ्याची कृती पाहून तशीच करायची असते आणि वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काहीतरी सांगायचे असते.

उलट दिशेचा धोकाही आहे. उच्चशिक्षित माणूस आजाराच्या सुरुवातीला २८-२९ गुण सहज मिळवतो. नियोजन आणि निर्णयक्षमता ही चाचणी जवळजवळ पाहतच नाही, म्हणून अशा वेळी घड्याळाचे चित्र काढायला लावणारी मॉन्ट्रियल चाचणी (मोका) वापरतात.

एकूण आकड्यापेक्षा गुण कुठे गेले, हे जास्त बोलके असते. अल्झायमरमध्ये बहुधा तारीख आणि तीन शब्द आधी निसटतात. नैराश्यात मात्र प्रयत्न न करताच 'माहीत नाही' हे उत्तर वारंवार येते.

चाचणीपूर्वी चष्मा आणि श्रवणयंत्र लावले आहे ना, हे पाहावे. सोबत आलेला मुलगा किंवा सून मध्येच उत्तर पुरवते. त्यांना आधीच बाहेर बसवलेले बरे. ताप, औषधांची गुंगी किंवा अचानक आलेला संभ्रम असताना घेतलेले गुण निरुपयोगी असतात. काही महिन्यांनी पुन्हा घेतल्यास दोन-तीन गुणांच्या फरकावरून आजार वाढला किंवा औषध लागू पडले असे म्हणू नये. तेवढा फरक सरावानेही पडतो.