देशाचं गुपित कुठलं आणि सरकारचं गुपित कुठलं?

"राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे, माहिती देता येणार नाही" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याच्यापुढे पण काही विचारता येतं हेच लोक विसरलेत. आणि कुणी विचारलंच तर लगेच समोरून येतं, मग काय सगळं शत्रूला सांगून टाकायचं का? नाही हो, अजिबात नाही. काही गोष्टी गुप्त राहायलाच पाहिजेत, त्यावर माझं काहीच दुमत नाही. घोळ होतो तो दुसरीकडे. दोन अगदी वेगळी गुपितं एकाच 'गोपनीय' शिक्क्याखाली ठेवलेली असतात. एक देशाचं, म्हणजे बाहेर पडलं तर सैनिक मरतील, हेर पकडले जातील, लोकांचा जीव धोक्यात येईल असं. दुसरं सरकारचं, म्हणजे बाहेर पडलं तर कुठल्यातरी मंत्र्याला किंवा खात्याला उत्तर द्यावं लागेल, एवढंच. बाहेरून दोन्ही फाईली सेम दिसतात आणि आत काय आहे ते आपल्याला बघता येत नाही, म्हणून तर गल्लत होते.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण सोपं आहे. 1944 च्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीला उतरणार हे जर्मनांना आधी कळलं असतं तर किनाऱ्यावर किती माणसं गेली असती याचा विचारच करवत नाही. किंवा ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचा एनिग्मा कोड फोडायचं काम चालायचं, तिथे हजारो लोक होते आणि त्यांनी युद्धानंतरही वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही, लोकांना नीट कळलं ते 1974 च्या आसपास. अशा गुप्ततेचा नागरिक म्हणून राग येत नाही, उलट ती सांभाळणाऱ्यांचं कौतुक वाटतं.

आता दुसरा प्रकार. 1948 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाचं एक बी-29 विमान जॉर्जिया राज्यात वेक्रॉस गावाजवळ पडलं, 9 माणसं गेली, त्यात काही सिव्हिलियन इंजिनियर होते. त्यातल्या तिघांच्या बायकांनी भरपाईसाठी केस टाकली आणि साधी गोष्ट मागितली, अपघाताचा चौकशी रिपोर्ट. सरकार म्हणालं विमानात गुप्त यंत्रांची चाचणी चालू होती, रिपोर्ट देता येणार नाही. खालच्या कोर्टाचे जज म्हणाले ठीक आहे, त्यांना देऊ नका, मला एकट्याला दाखवा, मी ठरवतो. तेही सरकारने नाकारलं! मग 1953 मध्ये सुप्रीम कोर्टाने रिपोर्ट स्वतः न वाचताच सरकारच्या बाजूने निकाल दिला, त्या बायकांनी शेवटी कमी पैशांत तडजोड केली, आणि या रेनॉल्ड्स केसचा दाखला देत पुढे कितीतरी खटल्यांत कागदपत्रं अडवली गेली.

पुढे 1990 च्या दशकात तो रिपोर्ट खुला झाला आणि 2000 मध्ये मेलेल्यांपैकी एकाच्या मुलीला इंटरनेटवर सापडला. त्यात गुप्त यंत्रांचं गुपित म्हणावं असं काही नव्हतंच. होतं ते इंजिनाला लागलेल्या आगीबद्दल, मेंटेनन्समधल्या ढिलाईबद्दल, उष्णतेपासून बचावाचा एक बदल करायची सूचना असून तो केलाच नव्हता त्याबद्दल. म्हणजे पन्नास वर्षं जे जपलं ती खात्याची चूक होती आणि त्याची किंमत तीन विधवांनी मोजली. मला ही केस सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण इथे कोणी हेर नव्हता, कोणी काही लीक केलं नव्हतं, फक्त आपला माणूस का गेला एवढंच बायकांना हवं होतं.

असंच पेंटॅगॉन पेपर्सचं. 1971 मध्ये व्हिएतनाम युद्धाचा जवळपास 7000 पानांचा गुप्त सरकारी इतिहास, त्यावर काम केलेल्या डॅनियल एल्सबर्गने पेपरवाल्यांना दिला, अमेरिकन सरकार छपाई थांबवायला कोर्टात गेलं आणि 6 विरुद्ध 3 मतांनी हरलं. देशाला गंभीर धोका आहे असं तेव्हा सरकारतर्फे कोर्टात सांगणारे वकील होते अर्विन ग्रिसवोल्ड, आणि त्यांनीच 1989 मध्ये लिहिलं की छापल्यामुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका झाल्याची कुठलीच खूण आपल्याला दिसली नाही. यापेक्षा सरळ कबुली कुठून मिळणार.

मग ओळखायचं कसं? मी तरी आधी हे बघते की नुकसान नक्की कुणाचं होणार आणि कसं होणार ते कोणी सांगू शकतंय का. 'सुरक्षेला बाधा' एवढंच म्हटलं तर ते कारण झालं नाही, कुठल्या प्रकारची बाधा, कोणाला, ते निदान एखाद्या जजला बंद दाराआड तरी सांगता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे वेळ. खऱ्या गुपिताला बहुतेकदा मुदत असते, नॉर्मंडीची जागा 5 जूनला जीवनमरणाचा प्रश्न होती आणि 7 जूनला सगळ्या जगाला माहीत होती, पण सरकारच्या चुकीचं गुपित मात्र जितकं जुनं होतं तितकं जास्त जपलं जातं. एक मात्र मान्य करायला हवं, बऱ्याचदा दोन्ही एकाच कागदात असतात, वरच्या परिच्छेदात खबऱ्याचं नाव आणि खाली खात्याचा गलथानपणा, त्यामुळे "सगळं द्या" किंवा "काहीच देणार नाही" ही दोन्ही टोकं चुकीची. नाव झाका आणि बाकीचं द्या, एवढं साधं आहे ते.

सगळ्यात धोकादायक क्षण कुठला, तर देश म्हणजेच सत्तेत बसलेलं सरकार असं कोणी अधिकाराने म्हणतं तेव्हा. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने अर्जेंटिनाची बेलग्रानो ही युद्धनौका बुडवली, 323 माणसं मेली. नौका तेव्हा ब्रिटनने जहाजांना मनाई म्हणून ठरवलेल्या हद्दीच्या बाहेर होती आणि दूर चालली होती, ही माहिती संरक्षण खात्यातल्या क्लाइव्ह पॉन्टिंग या अधिकाऱ्याने 1984 मध्ये एका खासदाराला पाठवली. नौका बुडून दोन वर्षं झालेली, शत्रूला त्यातून नवीन काय मिळणार होतं? तरी ऑफिशियल सिक्रेट्स कायद्याखाली खटला भरला. पॉन्टिंगचं म्हणणं होतं मी राज्याच्या हितासाठी केलं, त्यावर जजने ज्युरीला सांगितलं की राज्याचं हित म्हणजे त्या वेळचं सरकार म्हणेल ते हित. ज्युरीने ऐकलं नाही, 1985 मध्ये निर्दोष सोडलं. नंतर 1989 मध्ये नवीन कायदा आला आणि त्यात जनहितासाठी केलं असा बचावच ठेवला नाही.

आपल्याकडचा ऑफिशियल सिक्रेट्स कायदा इंग्रजांच्याच काळातला, 1923 चा, अजून चालू आहे. 2002 मध्ये पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना त्याखाली अटक झाली, पुरावा काय तर काश्मीरमधल्या सैन्याबद्दलचा एक दस्तऐवज, जो पाकिस्तानातल्या एका संस्थेने आधीच छापलेला होता आणि कुणालाही मिळू शकत होता. लष्कराच्याच गुप्तचर विभागाने सांगितलं की यात सुरक्षेचं काही नाही, तरी ते 2003 च्या जानेवारीपर्यंत तिहारमध्ये होते, साधारण सात महिने. एखाद्या माणसाच्या आयुष्यातले सात महिने गेले आणि जे जपलं जात होतं ते मुळात गुपितच नव्हतं, हे वाचून मला अजूनही संताप येतो.

आणि असं भरमसाठ गुप्त ठेवल्याने सुरक्षा वाढते असंही नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन आयोगाने दाखवून दिलं की एका यंत्रणेकडची माहिती दुसरीकडे पोचलीच नाही, आणि अती गोपनीयता हे त्याचं एक कारण होतं. कायदा तोडलेला लपवायला, चूक झाकायला किंवा लाज वाटू नये म्हणून कुठलीही माहिती गोपनीय ठरवता येणार नाही, असं अमेरिकेत 2009 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात स्पष्ट लिहिलंय. पाळलं किती जातं हा वेगळा विषय, पण दोन गुपितांमधली रेघ तिथे सरकारने स्वतःच काढून ठेवली आहे.

आपल्या सुप्रीम कोर्टानेही अलीकडे हे बोलून दाखवलंय. पेगॅसस (फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) प्रकरणात ऑक्टोबर 2021 मध्ये म्हटलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला दरवेळी मोकळं रान मिळणार नाही. मीडियावन या मल्याळम बातम्यांच्या चॅनलचं लायसन्स केंद्र सरकारने रिन्यू केलं नव्हतं, का ते चॅनललाच सांगितलं नाही, कारणं बंद लिफाफ्यात कोर्टाला दिली, आणि हायकोर्टाने ती मान्यही केली. विचार करा, आपल्यावर काय आरोप आहे हेच माहीत नसेल तर उत्तर काय देणार? एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि सांगितलं की सुरक्षेचे दावे हवेतून करता येत नाहीत.

पण कोर्टापर्यंत जाणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून माहिती अधिकार कायदा 2005 नीट माहीत हवा. सुरक्षेच्या कारणाने माहिती नाकारायची मुभा कलम 8(1)(क) मध्ये आहे, ती असायलाच हवी. पण लगेच 8(2) म्हणतं की जनहित जास्त मोठं असेल तर 1923 चा कायदा असूनही माहिती देता येते. कलम 10 प्रमाणे गुप्त भाग वगळून उरलेलं मागता येतं. गुप्तचर यंत्रणांना कलम 24 ने सूट आहे, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांची माहिती त्या सुटीत बसत नाही. तेव्हा पुढच्या वेळी अर्ज नाकारला तर कारण लेखी आलंय का ते बघा, कलमाचा नंबर बघा, आणि 30 दिवसांत पहिलं अपील टाका, त्यात 8(2) आणि 10 दोन्ही लिहा. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 19(5) नुसार नकार देणाऱ्या अधिकाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही.