ढेकूळ पाण्यात का फुटतं?

'रासायनिक खतांनी जमीन मरते' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे 1843 पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथल्या काही पट्ट्यांना पिढ्यान् पिढ्या फक्त रासायनिक खत मिळालं, तरी त्यांत आजही चांगला गहू येतो. फरक दिसतो तो सेंद्रिय कर्बात, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि शेणखतातून मातीत आलेल्या कार्बनमध्ये. दरवर्षी शेणखत मिळणाऱ्या पट्ट्यातला कर्ब बिनखताच्या पट्ट्यापेक्षा दुपटीहून जास्त आहे. म्हणजे भरलेलं कणीस पाहून मातीची तब्येत कळत नाही.

ती ढेकळातून कळते. वर्षानुवर्षं नांगरलेल्या शेतातलं एक आणि गवताखालच्या जमिनीतलं एक, अशी दोन वाळलेली ढेकळं पाण्यात सोडा. पहिलं बहुधा काही मिनिटांत विस्कटून तळाशी बसतं, दुसरं शाबूत राहतं. कोरड्या ढेकळात बारीक पोकळ्या असतात. केशाकर्षणाने पाणी सगळ्या बाजूंनी आत घुसतं, आतल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही, ती दाबली जाते आणि ढेकूळ आतून फोडते.

मग गवताखालचं का टिकतं? मुळं आणि जिवाणू चिकट शर्करा सोडतात, बुरशीचे तंतू कणांना बांधतात. शिवाय पोकळ्यांच्या भिंतींवर सेंद्रिय पदार्थांचा थर असल्याने पाणी सावकाश शिरतं आणि हवेला निघून जायला वेळ मिळतो. असे कण चिकटून झालेल्या मोठ्या कणसमूहांच्या पोटात पाव मिलिमीटरहून लहान समूह असतात. तिथे प्राणवायू कमी पोचतो, जिवाणूंची विकरंही (पदार्थ कुजवणारी एन्झाइम्स) पोचत नाहीत, म्हणून आतला कर्ब कित्येक दशकं न कुजता राहतो.

नांगर ही तिजोरी फोडतो. उघड्या पडलेल्या कर्बावर जिवाणू तुटून पडतात, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि सोबत नत्रही मोकळं होतं. सुरुवातीला पीक तरारतं ते यामुळेच, आणि फसगतही इथेच होते. पुढे चिकटवायला काही उरत नाही. पावसाच्या थेंबांनी सुटलेले बारीक कण पोकळ्या बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी मातीसकट वाहून जातं. खाली अवजड यंत्रांनी कठीण थर बनतो.

खतं निर्दोष आहेत असं नाही. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि चुना न घातल्यास माती आम्लधर्मी होत जाते. पण बाटलीतले जिवाणू शिंपडून मेलेली जमीन जिवंत करण्याच्या जाहिराती हास्यास्पद आहेत. एक ग्रॅम मातीत आधीच कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांना खायला मिळत नाही ही खरी अडचण.

नांगरट बंद केली की वरच्या काही सेंटीमीटरमधला कर्ब वाढतो, खोलवर मात्र तो बरेचदा तितका वाढत नाही. तण आवरायला तणनाशकही जास्त लागू शकतं.