कट-कॉपी-पेस्ट

संगणकावरील मजकूर उचलणे, त्याची नक्कल घेणे आणि तो अन्यत्र बसवणे या तीन आज्ञांचे एकत्रित नाव. मूळ काम संपादकांच्या टेबलावरचे : हस्तलिखिताची पट्टी कात्रीने कापायची आणि खळीने दुसरीकडे डकवायची. संगणकात उचललेला मजकूर ‘क्लिपबोर्ड’ या तात्पुरत्या साठ्यात राहतो. नवा आला की सहसा जुना जातो.

या आज्ञांचे श्रेय बहुधा एकट्या लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) या संगणकशास्त्रज्ञाला दिले जाते. ते जपूनच घ्यावे. मजकूर आधी उचलायचा आणि मग ठेवायचा, ही दोन टप्प्यांची रीत पेंटी कानेर्व्हा यांच्या टीव्ही-एडिटसारख्या आधीच्या प्रणालींत दिसते. टेस्लर यांनी त्या टप्प्यांना नावे दिली आणि १९७४-७५ च्या सुमारास, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, टिम मॉट यांच्यासह ‘जिप्सी’ या मजकूर-संपादनाच्या प्रणालीत ती रुजवली. (कोकणातल्या बाजारपेठांत अर्ज टाइप करून मिळतात त्या दुकानांवरही ‘झेरॉक्स’ हीच पाटी असते; छायाप्रतीला ते नाव याच कंपनीवरून पडले.) एक्स, सी, व्ही या कळा ॲपलच्या लिसा संगणकापासून (१९८३) रूढ झाल्या. एक्स म्हणजे खोडल्याची फुली आणि व्ही म्हणजे उलटे हंसपद (सुटलेला शब्द घालण्याची खूण), हा उलगडा आकर्षक आहे; कळफलकाच्या तळओळीत त्या शेजारीशेजारी आहेत, हे कारण अधिक वजनाचे वाटते.

देवनागरीच्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. त्यामुळे लग्नपत्रिकेचा किंवा दशावतारी नाटकाच्या जाहिरातीचा मजकूर दुसरीकडे पेस्ट केला की रोमन अक्षरांची खिचडी उरे. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडमुळे (पहिली आवृत्ती १९९१) हे बरेच मिटले.

उरलेली अडचण कोकणाला नेमकी बोचणारी आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ सह्याद्रीतल्या. हा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. दुसऱ्या प्रकारात पेस्ट करताना ती खूण गळाली, तर दऱ्यांचा दर्या होतो. ‘किनाऱ्यावर’ बिघडून ‘किनार्यावर’ झाले तर डोळ्याला खटकते. ‘दर्या’ हा मात्र स्वतंत्र, शुद्ध शब्द असल्याने शुद्धलेखन तपासनीसही तो निमूट सोडून देतो.